प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी नांदेड जिल्हा ओलांडून तेलंगणात शिरली की महाराष्ट्राशी असलेला तिचा संबंध संपला, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. परंतु पुढे बराच प्रवास करून, विदर्भाचे बहुतेक सारे पाणी वाहून आणणाऱ्या प्राणहितेशी तिचा संगम झाला, की तीच गोदावरी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास पुन्हा महाराष्ट्राचा काठ धरते आणि इंद्रावतीच्या संगमापर्यंत राज्याची सीमा होऊन वाहते. पश्चिमेस प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी आणि पूर्वेस इंद्रावती अशा तीन नद्यांनी वेढलेला हा मुलूख म्हणजे सिरोंचा तालुका. जिल्ह्याच्या ठाण्यापासून तो सुमारे २०० किलोमीटर दूर. प्राणहितेपलीकडे तेलंगणा, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड.

नद्या सीमा म्हणून सोयीच्या असतात, कारण त्या नकाशावर स्पष्ट दिसतात आणि मोजणीदाराला दगड पुरावे लागत नाहीत. भूगर्भाची साक्ष मात्र येथे सीमेच्या विरुद्ध जाते. वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेले प्राणहिता-गोदावरी खोरे ही पृथ्वीच्या कवचास पडलेली एक प्राचीन खचदरी असून, गोंडवन भूखंड अखंड होता त्या काळापासून तीत वाळू, चिखल आणि चुनखडी यांचे थर कोट्यवधी वर्षे साचत गेले. हे थर सामान्यतः ईशान्येकडे कललेले आहेत. त्यामुळे दरीच्या नैर्ऋत्य कडेला, सिंगरेणीच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात, सर्वांत जुने स्तर उघडे पडतात आणि तेथून सिरोंचाच्या दिशेने येणारा प्रवासी पावलागणिक अधिकाधिक अलीकडच्या युगांत येत असतो. प्राणहिता ओलांडताना राज्य बदलते, खडकांची मालिका बदलत नाही. उलट एकाच गडचिरोली जिल्ह्यात राहून पूर्वेकडे एटापल्लीच्या डोंगरांत शिरावे, तर गोंडवन थर मागे पडून त्यांच्याहून कितीतरी पुरातन असे स्फटिकमय खडक लागतात.

सिरोंचापासून जवळच, प्राणहितेच्या डाव्या तीरावर, कोटा नावाचे लहानसे गाव आहे. भूशास्त्राच्या ग्रंथांत त्याला राजधानीचा मान आहे, कारण ज्युरासिक काळातील, सुमारे १७ ते १८ कोटी वर्षांपूर्वीच्या स्तरसमूहास याच गावाचे नाव मिळाले. येथील चुनखडीतील माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच विलायतेतील विद्वानांपर्यंत पोहोचले होते. पुढे १९५८ पासून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी याच स्तरांतून एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे मिळवली. त्यांचे मोठे उत्खनन रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६१ पर्यंत चालले, म्हणून १९७५ मध्ये शास्त्रीय वर्णन करताना त्यास ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामाभिधान मिळाले. दुसऱ्या डायनोसॉरचे, १९८८ मध्ये वर्णिलेल्या ‘कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस’चे नाव तर मला विशेष मोलाचे वाटते: त्यातील कोटा महाराष्ट्रात, यामनपल्ली तेलंगणात, आणि प्राणी एकच. तालुक्यातील वडधम येथे अश्मीभूत वृक्षांचे ओंडके जतन करणारे जीवाश्म उद्यान आहे. शाळांच्या सहलींनी तेथे आवर्जून जावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

आता कारभाराच्या इतिहासाकडे वळू. गोदावरीचा हा डावा तीर पूर्वी निजामाच्या अमलाखाली होता. सर आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये धवळेश्वरमचे धरण पुरे केल्यावर, नदीतील खडकाळ अडथळ्यांना बगल देऊन वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस नावांनी थेट समुद्रापर्यंत न्यावा, ही कल्पना जोर धरू लागली. आणि नदी हाती हवी तर तीरही हाती हवा, या विचाराने इंग्रजांनी १८६० च्या तहात सिरोंचा, नुगूर, अल्बाका, चेरला, भद्राचलम आणि राकापल्ली हे सहा तालुके निजामाकडून घेतले, व त्याच तहाने धाराशिव आणि रायचूर दोआब त्यास परत दिले. म्हणजे मराठवाड्यातील धाराशिवाचे आणि दंडकारण्यातील सिरोंचाचे भवितव्य एकाच दस्तऐवजाने ठरले! या सहा तालुक्यांचा ‘अपर गोदावरी’ जिल्हा होऊन सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे बनले. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी या तीन अडथळ्यांवर बांध-कालव्यांची कामे हाती घेण्यात आली. पण खर्च वाढत गेला, रेल्वे पुढे सरकत आली, आणि १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली.

ज्या कारणासाठी जिल्हा निर्माण झाला ते कारणच नाहीसे झाल्यावर जिल्हाही टिकला नाही. १८७४ मध्ये भद्राचलम व राकापल्ली मद्रास इलाख्यास जोडले गेले, उरलेले चार तालुके चांदा जिल्ह्याची सिरोंचा तहसील झाले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांतीलही दक्षिणेकडचे तीन मद्रासकडे गेले. पुढे मध्य प्रांत, मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी नवा गडचिरोली जिल्हा, अशी दप्तरे बदलत गेली. पलीकडच्या तीरांवरही हैदराबादचे आंध्र प्रदेश व २०१४ मध्ये तेलंगणा झाले. बस्तर संस्थान मध्य प्रदेशात विलीन होऊन २००० मध्ये छत्तीसगडात गेले. गावकऱ्यांच्या तोंडची तेलुगू, माडिया आणि मराठी या फेरबदलांत आपापल्या जागी राहिल्या. सिरोंचाच्या घरांत तेलुगू बोलली जाते, सातबारा मराठीत निघतो आणि २०२२ च्या प्राणहिता पुष्करात भाविकांनी दोन्ही तीरांवर स्नान केले.

मात्र नदीचे पाणी वापरायचे ठरले की दोन तीर दोन सरकारांचे होतात. संगमाच्या खाली मेडीगड्डा येथे तेलंगणाने ८५ दरवाजांचा बंधारा बांधला. पाणी समुद्रसपाटीपासून १०० मीटरपर्यंत अडवण्यास महाराष्ट्राने २०१६ च्या करारान्वये संमती दिली, आणि २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. प्राणहितेचे पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक भाग. साहजिकच यवतमाळ, नागपूर, भंडारा येथे झालेल्या अतिवृष्टीचे पाणी अखेरीस याच अरुंद टोकाशी येऊन थडकते. जुलै २०२२ च्या महापुरात ते सिरोंचाच्या शिवारांत पसरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचेच काही खांब खचले. डाव्या तीरावरची बुडणारी शेते महाराष्ट्राच्या महसूल दप्तरात आहेत, दरवाजे उघडण्याचा अधिकार तेलंगणाच्या अभियंत्यांकडे आहे, आणि पूर वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यांतून येतो. म्हणून पावसाची, पाणीपातळीची आणि दरवाजांची माहिती दोन्ही तीरांवरच्या कचेऱ्यांना एकाच वेळी मिळणे ही सिरोंचाच्या शेतकऱ्याची पहिली गरज आहे.