पिढ्यांचे घर : भिलाई-३ च्या निमित्ताने

व्याख्या

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात एकत्र कुटुंबाची ओळख पाच गोष्टींवरून सांगितली : एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामायिक मालमत्ता, सामायिक कुळाचार आणि परस्परांतील नाते. हे घटक सुटे करून पाहता येतात, म्हणून ही व्याख्या अजूनही उपयोगी पडते. छप्पर एक पण चुली दोन, किंवा भाऊ निरनिराळ्या शहरांत पण देवघर एकच, अशी घरे आज सर्रास दिसतात. यातला कोणता धागा टिकला आणि कोणता सुटला, यावर घराचे स्वरूप ठरते.

क्वार्टर आणि स्वतःचे घर

भिलाई पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. नोकरीसाठी देशभरातून माणसे आली, त्यांत नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबेही होती. शेजारच्या भिलाई-३ आणि चरोदा भागात रेल्वेचे मोठे यार्ड आणि लोकोशेड आहे. कारखाना असो वा रेल्वे, क्वार्टर मिळते ते नोकरी असेपर्यंत. निवृत्तीनंतर किल्ल्या परत करायच्या. त्यामुळे दोन पिढ्या एकाच गावात राबल्या तरी दोघींचे मिळून एक घर होईलच असे नाही. कारखान्याच्या वसाहतीबाहेर प्लॉट घेऊन भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीतून बांधलेले घर हे अशा कुटुंबाचे बहुधा पहिलेच हक्काचे घर असते. विदर्भातल्या वाड्याला मागच्या पिढ्या असतात. या घराच्या पिढ्या मात्र पुढे मोजायच्या असतात.

रचना

पुढची पिढी गृहीत धरल्याचे बांधकामातच दिसते. गच्चीवर कॉलमच्या सळ्या हातभर वर काढून ठेवलेल्या असतात, मुलाच्या मजल्यासाठी. जिना बाहेरून घेतात, म्हणजे वरच्यांना खालच्या खोल्यांतून जावे लागत नाही. वर वेगळा ओटा आणि विजेचे वेगळे मीटर येते. देवघर मात्र खालीच राहते. भाद्रपदात महालक्ष्म्या वडीलधाऱ्यांकडे बसतात आणि त्या दिवशी वरची शेगडी पेटत नाही. चूल वेगळी झाली की घर फुटले, असे मानण्याची रीत आहे. वस्तुस्थिती अनेकदा उलट असते : स्वयंपाकाच्या वेळा, खर्च आणि आवडीनिवडी यांची रोजची घासाघीस टळल्यामुळेच छप्पर एक राहते.

मालकी

सर्वाधिक गैरसमज येथे आहेत. वडिलांनी स्वकमाईने बांधलेले घर स्वकष्टार्जित ठरते. त्यात मुलांना जन्मसिद्ध हिस्सा नसतो आणि वडील मृत्युपत्राने ते कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. मुलाने वरचा मजला स्वतःच्या पैशाने चढवला, तरी जमीन वडिलांच्याच नावावर राहते. म्हणून तेव्हाच लेखी करार करून ठेवणे शहाणपणाचे. गावाकडच्या वडिलोपार्जित घराचा हिशेब वेगळा आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना त्यात जन्मतः हक्क दिला आणि त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले.

वाटणी

मूळ कायद्यातील कलम २३ राहत्या घराला अपवाद करत होते. घर पूर्णपणे कुटुंबीयांच्या वापरात असेल, तर पुरुष वारस वाटणी करायला तयार होईपर्यंत स्त्री वारसांना ती मागता येत नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम गेले. व्यवहारात मात्र बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत चालू आहे. सही कशावर होते आहे, हे बहिणीला आधी समजावून न सांगणे हा अन्यायच आहे.

एखाद्या वारसाने आपला हिस्सा परक्याला विकला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे त्या खरेदीदाराला कुटुंबासोबत राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा केला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ नुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेली किंमत देऊन तो हिस्सा परत घेऊ शकतो. राहते घर ही केवळ किंमत असलेली वस्तू नाही, हे कायद्याने येथे मान्य केले आहे.

मर्यादा

मुले नोकरीसाठी बाहेरगावी स्थिरावली की वरचा मजला भाड्याने जातो, नाहीतर सळ्या तशाच गंजतात. आईवडिलांनी हयातीतच घर मुलाच्या नावावर केले, तर त्यांचे राहणे त्याच्या मर्जीवर येऊ शकते. सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, ती अट मोडल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली परत मागता येते. म्हणून बक्षीसपत्रात ही अट शब्दांत लिहिलेली असणे महत्त्वाचे ठरते.