बोटांवर किती किलो?

कांजूरमार्गहून धीम्या लोकलने ठाण्याच्या पुढे गेलात, की मुंब्र्याचे काळे कडे दिसू लागतात. प्रस्तरारोहणाच्या सरावासाठी मुंबईकर तिथे जात आले आहेत. खाडीपलीकडे नवी मुंबईत तर २०१६ साली बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंती चढण्याची, विश्वचषक स्पर्धाही झाली. अशा चढाईत बहुधा आधी दमतात ती बोटे. त्यांच्या सरावाचे एक साधे साधन सोसायटीच्या बागेतही टांगता येते. त्याला वजनकाट्याची जोड द्या, की तेच पदार्थविज्ञानाचे उपकरण होते.

आधी एक गंमत. डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ मिटा, उघडा. हालचाल कुठे जाणवली? बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नाहीतच. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये आहेत. तिथून कंडरा दोरीसारख्या बोटांपर्यंत जातात. गळाच्या काठीवर दोरा कड्यांतून ओवलेला असतो ना, तशा या कंडरा हाडालगतच्या चिवट पट्ट्यांखालून जातात. बोट आखडून धरले, की या पट्ट्यांवर फार ताण येतो. शिवाय स्नायू जितक्या लवकर बळकट होतात, तितक्या लवकर कंडरा होत नाहीत.

आता साहित्य. सागाचा ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड चौकोनी दांडा घ्या. त्याच्या कडा कानशीने आणि पॉलिशपेपरने गोल करा. दोन्ही टोकांजवळ उभी भोके पाडून १२ मिलिमीटर जाडीची नवी दोरी ओवा व खाली पक्की गाठ मारा. कपडे वाळवण्याची जुनी दोरी मुळीच नको. फांदी आंब्याची किंवा चिंचेची, मांडीइतकी जाड असावी. शेवगा नको, त्याचे लाकूड फारच ठिसूळ. दोरीखाली गोणपाट घाला, म्हणजे साल सोलणार नाही. दांडा डोक्याच्या किंचित वर यावा. प्रथम शिक्षकांनी किंवा घरच्या मोठ्यांनी लोंबकळून पाहावे!

दोन्ही दोऱ्या सरळ उभ्या ठेवा. ४५ किलोचा मुलगा लोंबकळला, तर प्रत्येक दोरीवर साडेबावीस किलो भार येईल. त्याच दोऱ्या वर एका गाठीत आणल्या आणि त्यांच्यात १२० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकीवर पुरे ४५ किलो!

दांड्याखाली काट्याचा वजनकाटा ठेवून त्यावर उभे राहा. (आकडा गोठवणारा डिजिटल काटा इथे कामाचा नाही.) हळूहळू दांडा खाली ओढा. काटा ४५ वरून ३३ वर आला, तर हातांनी १२ किलो पेलले. दहा सेकंद धरा, सोडा, विश्रांती घ्या.

पाय मात्र काट्यावरून उचलायचे नाहीत. जर्मन आरोहक वोल्फगांग ग्युलिख याने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत लाकडी पट्ट्यांची शिडीसारखी फळी उभारली. पाय न टेकता तो बोटांच्या जोरावर एका पट्टीवरून दुसरीवर झेपावत असे. त्या काळी जगात सर्वांत अवघड मानली गेलेली ‘अ‍ॅक्सियों दिरेक्त’ ही चढाई त्याने १९९१ मध्ये केली. पण तो पूर्ण वाढलेला माणूस होता. तुमच्या बोटांच्या हाडांत अजून वाढीची कूर्चा आहे आणि हाडापेक्षा ती नाजूक असते. चढाईचा अतिरेक करणाऱ्या वाढत्या मुलांत मधल्या सांध्याजवळ हीच कूर्चा चिरते. त्या सांध्याच्या मागच्या बाजूला दुखू लागले, तर ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका. सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता हा प्रयोग करा. दांडा १२ किलोने ओढलेला असताना पावले काट्यासकट वीतभर मागे घ्या. दोऱ्या तिरक्या होतील. हात तितक्याच जोराने ओढत राहिले, तरी काटा आता १२ पेक्षा कमी फरक दाखवील, कारण त्याला फक्त उभा जोर कळतो. दोरी किती अंश कलली ते कोनमापकाने मोजा आणि आडवा जोर कागदावर काढून पाहा.