पेल्यातलं पाणी बघणारा माणूस

दिंडोशीहून चित्रनगरी हाकेच्या अंतरावर. तिथल्या कुठल्याही सेटवर एक माणूस असा असतो, जो बाकी सगळं सोडून भलत्याच गोष्टींवर डोळा ठेवून असतो. नायिकेचा पदर मघाशी कुठल्या खांद्यावर होता, पेल्यात पाणी किती उरलं होतं, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते. या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. आपण त्याच सेटवर दिवसभर उभे राहिलो तरी त्या पाण्याकडे आपलं लक्ष जाणार नाही. त्याचे डोळे काही वेगळे नसतात, तयार झालेले असतात.

मला कुतूहल आहे ते याच्या शेजारच्या प्रश्नाचं. त्याच सेटवर चौथ्या तासाला पेंगुळलेलं पोर कुणाच्या लक्षात येतं? आणि हे लक्षात येणं मोजता येतं का?

येतं, आणि तेही चक्क नाटक करून! जेम्स रेस्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नैतिक वागण्याचे चार भाग पाडले होते: इथे काही प्रश्न आहे हे जाणवणं, योग्य काय ते ठरवणं, स्वतःचा फायदा बाजूला ठेवून तेच करायचं मनावर घेणं आणि शेवटपर्यंत ते निभावणं. यातला पहिला भाग म्हणजे नैतिक संवेदनशीलता. आपण मात्र चर्चा करतो ती बहुधा दुसऱ्या भागाची, जणू पहिला आपोआपच होतो.

हा पहिला भाग मोजायला मोठा चकवा देणारा. ‘या प्रसंगात नैतिक पेच कोणता?’ असं विचारलं की पेपर फुटलाच. पेच आहे हे प्रश्नानंच सांगून टाकलं. मिनेसोटा विद्यापीठात म्युरिएल बेबो यांनी रेस्ट आणि इतर सहकाऱ्यांसोबत दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी यावर नामी तोड काढली, ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्याला दवाखान्यातला संवाद ध्वनिफितीवर ऐकवायचा. दातांचं बोलणं चाललेलं असतं आणि त्यातूनच आणखी काहीतरी हळूच सरकून जातं. मग फीत थांबते आणि विद्यार्थ्यानं डॉक्टरच्या भूमिकेत शिरून पुढचं बोलायचं. रुग्णाची अडचण त्याला किती उमगली, आपली जबाबदारी किती कळली, यावर गुण. नीतीचा तर्क उत्तम लढवणारा विद्यार्थी पेच हेरण्यातही तरबेज निघतो असं नाही, हे त्यात दिसलं. आणि शिकवल्यावर ही नजर सुधारते, हेही.

आता ही नजर घेऊन सेटवर परत येऊ. चित्रनगरीला ज्यांचं नाव आहे त्या दादासाहेब फाळक्यांचीच गोष्ट घ्या. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र राजपुत्र रोहिदास झाला होता. त्र्यंबकेश्वरला चित्रीकरण चालू असताना तो खेळता खेळता खडकावर पडला, डोक्याला खोक पडून बेशुद्ध झाला, असं सांगतात. कुणीतरी सुचवलं, पोर बरं होऊ दे, मग हा प्रसंग घेऊ. पण प्रसंग नेमका रोहिदासाच्या अंत्यविधीचा होता. फाळक्यांनी बेशुद्ध मुलावरच तो पुरा केला आणि मग त्याला नाशिकला नेलं. त्यांना निर्दय म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. घरचे दागिने पणाला लावून उभा राहिलेला चित्रपट, हातातून निसटणारा दिवस! मला तर त्या ‘मग घेऊ’ म्हणणाऱ्याचंच नवल वाटतं. ऊन उतरतंय हे त्यालाही दिसत असणार.

घाई नजरेचं काय करते, ते पुढे डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनला तपासलं, ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. धर्मशास्त्राचे ४० विद्यार्थी एकेक करून दुसऱ्या इमारतीत भाषणाला निघाले. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला, अर्थात ठरवून. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, फार घाईत असलेल्यांतले फक्त १० टक्के. त्यांतल्या काहींचं भाषण तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या दृष्टांतावरच होतं!

आणि शूटिंगइतकी घाई दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल? बालकलाकारांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीवाचून सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. शिवाय जास्तीत जास्त ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. म्हणजे पेल्यातल्या पाण्यासारखं मुलाकडे बघणारा कुणीतरी कागदावर तरी आहे. त्याची नजर तयार करायची तर मी त्याला नियम पाठ करायला लावणार नाही, एक फीत ऐकवीन. दिग्दर्शक म्हणतोय, ‘बस, एकच टेक.’ आई म्हणतेय, ‘तो नाही हो दमत.’ स्पॉटदादा बिस्किटं पुढे करतो, मुलगा ‘नको’ म्हणतो. लाइट्स पुन्हा लागतात.

इथे फीत थांबवायची.