एआयने दिलेला संदर्भ खरा की बनावट?

देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहतानाही आज मोबाइलवर शोधनिबंधाचा आराखडा मिळतो. चॅटजीपीटी, जेमिनीसारखी साधने संशोधनात मदत करतात. पण भरवसा किती ठेवायचा?

कशासाठी वापरावे?
विषय सुचण्यासाठी. नुसते ‘सोयाबीन’ नको. ‘परभणी जिल्हा, कोरडवाहू सोयाबीन, पावसाचा खंड : संशोधनासाठी दहा प्रश्न सुचव’ असे विचारा. मग त्यातल्या उणिवाही विचारा.

धोका कुठे?
ही साधने शब्दांच्या शक्यतेवरून वाक्य जुळवतात. त्यामुळे मुळात नसलेला निबंधही लेखक, वर्षासह खरा वाटावा असा समोर येतो. चॅटजीपीटीने रचलेले निवाडे कोर्टात दिल्याबद्दल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

पडताळणी कशी?
प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा. भारतीय विद्यापीठांतील हजारो पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत आहेत.

नियम काय?
यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांहून जास्त साम्य आढळल्यास कारवाई होते. ६० टक्क्यांहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. शिवाय तोंडी परीक्षेत उत्तर एआयला नव्हे, तुम्हालाच द्यायचे असते.