जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताय? आधी गिअरबॉक्सचे ऑइल पाहा

हदगावात व्यापाऱ्याची गाडी म्हणजे हाताने गिअर टाकायची बोलेरो किंवा सुमो, हे वर्षानुवर्षांचे समीकरण. पण पुण्या-मुंबईकडची दहा-बारा वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक एसयूव्ही कमी किमतीत मिळू लागली की मोह होतोच. आपली स्कॉर्पिओसुद्धा २००८ मध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आली होती. असा सौदा करणारे व्यापारी बंधू आणि अशा गाडीखाली प्रथमच जाणारे मिस्त्री, दोघांसाठीही ही माहिती आम्ही देत आहोत.

साध्या गिअरबॉक्समध्ये ऑइलचे मुख्य काम वंगणाचे. ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिनाची ताकद ऑइलमार्फतच पुढे जाते, ऑइलच्या दाबानेच आतल्या क्लच प्लेटा धरल्या जातात आणि उष्णताही तेच वाहून नेते. त्यामुळे ९० नंबरचे गिअर ऑइल त्यात ओतणे म्हणजे गिअरबॉक्सची माती करणे होय. यासाठीचे एटीएफ बहुधा लाल असते. पॉवर स्टिअरिंगमुळे ते मिस्त्रींच्या परिचयाचे आहे. पण लाल ते सगळे एकच नव्हे. डेक्सरॉन वेगळे, टोयोटाचे डब्ल्यूएस वेगळे. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच घ्यावे.

तपासणी अशी करावी. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून गरम करावी व सपाट जागी उभी करावी. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत परत 'पी'वर आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढावी. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पुन्हा बुडवावी व गरम ऑइलच्या खुणेवर पातळी पाहावी. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहतात, म्हणून पुस्तक वाचण्याचा कंटाळा करू नये. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. खालच्या बोल्टमधून ठरावीक तापमानाला पातळी पाहावी लागते. ते काम माहीतगाराकडेच द्यावे.

इंजिनाप्रमाणे हे ऑइल जळून कमी होत नाही. कमी भरले तर कुठेतरी गळती आहे, असे खुशाल समजावे. जास्त भरल्यास फेस होऊन दाब पडतो. काळपट ऑइलला जळका वास येत असेल तर क्लच प्लेटा झिजल्या असण्याचा संभव आहे. गुलाबी, दुधाळ दिसले तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे; अशा गाडीचा सौदा आम्ही तरी करणार नाही.

चेंबरचा बोल्ट उघडला की सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलणे बरे. फिल्टर व गॅस्केटही त्याच वेळी पाहावे. 'ऑइल बदलले आणि गिअरबॉक्स गेला' अशी तक्रार ऐकू येते. त्यातल्या पुष्कळ गाड्या आधीच घसरत असतात. मिस्त्रींनी हे गिऱ्हाइकाला काम घेण्यापूर्वीच सांगावे, शक्य तर बिलावर लिहून द्यावे.

रस्त्यात बंद पडलेली ऑटोमॅटिक दोर बांधून नांदेडपर्यंत ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना ऑइलचा पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडाच घासला जातो. चारही चाके वर घेणारी गाडी मागवावी, भाडे जास्त पडले तरी.