चौदा दिवसांचं अंगण

कोलोराडोतल्या सिल्व्हर्टन गावाबाहेर, साउथ मिनरल नावाच्या ओढ्याकाठी आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. समोर बर्फाचे पट्टे असलेले डोंगर उभे होते, पण पुढचा पाऊण तास त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. भावोजी पिकअपच्या स्टिअरिंगवर, ताई मागे हातात वॉकीटॉकी घेऊन, आणि मी कोणाच्या पायात येणार नाही अशा बेताने एका दगडावर. अठ्ठावीस फुटांचं घर दोन झाडांच्या मधून इंचाइंचाने मागे सरकत होतं.

"डावीकडे घ्या. अहो, माझ्या डावीकडे नाही, तुमच्या!"

ट्रेलर मागे घेणं हे उलट्या डोक्याचं काम आहे. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट डावीकडे जाते. त्यावरची जुनी युक्ती अशी, की हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. मग हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलर जातो. ताई, माझी मावसबहीण, आणि भावोजी तीन वर्षं हे करताहेत. पहिल्या वर्षी सगळं ओरडून चालायचं. मग एका मुक्कामात शेजारच्या आजीबाईंनी ताईला बाजूला घेऊन वॉकीटॉकी घ्यायला सांगितलं. तेव्हापासून भांडण घरातल्या घरात राहतं.

गाडी लागली तरी घर लागत नाही. ताईने स्पिरिट लेव्हल, म्हणजे गवंडी वापरतात तीच बुडबुड्याची पट्टी, थेट फ्रिजच्या तळाशी ठेवली. चहा सांडू नये म्हणून हे नाही. या ट्रेलरमधला फ्रिज गॅसवर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. खाली छोटी ज्योत जळते, तिच्या उष्णतेने अमोनिया वर जातो आणि गुरुत्वाकर्षणाने परत खाली वाहतो. स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढलेली ही करामत. घर कललेलं असेल तर ते वाहणं अडतं, फ्रिज गार होत नाही आणि बरेच दिवस तसाच चालवला तर कायमचा बसतो. म्हणून आधी बुडबुडा मधोमध, मग डोंगर.

अशा चाकांवरच्या घराला तिकडे सरसकट आरव्ही म्हणतात. त्यात बसएवढी मोटार आली, व्हॅन आली, आणि आमच्यासारखं पिकअपने ओढायचं ट्रेलरही आलं. आपल्याकडे लगेच विंचवाचं बिऱ्हाड आठवतं. पण विंचवाला सांडपाण्याच्या दोन टाक्या वाहाव्या लागत नाहीत.

टाक्यांकडे येतोच. आधी जागेचं. ओढ्याकाठच्या त्या माळाला ना फाटक होतं, ना भाडं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे केंद्र सरकारची जमीन अफाट आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एका खात्याकडेच सुमारे २४.५ कोटी एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. राष्ट्रीय वनांची आणखी १९ कोटी एकर वेगळीच. यातल्या बऱ्याच भागात, ठरवून दिलेल्या रस्त्यांच्या कडेला, कोणीही फुकट मुक्काम करू शकतो. वीज नाही, नळ नाही, कचरापेटी नाही. आणि बहुतेक ठिकाणी मर्यादा चौदा दिवसांची. नंतर बिऱ्हाड हलवायचं. जमीन सगळ्यांची आहे, म्हणून कोणा एकाचं अंगण होता कामा नये, असा त्यामागचा हिशोब. मला तो पटला. सार्वजनिक जागेवर रुमाल टाकून ती कायमची आपली करण्यात आपण जे प्रावीण्य मिळवलंय, ते आठवून जरा जास्तच पटला.

चौदा दिवस राहायचं तर आधी पाणी भागाकारात बसवावं लागतं. यांची ताज्या पाण्याची टाकी १७० लिटरची. दोघांना चौदा दिवस पुरवायची तर दिवसाला बारा लिटर. अंघोळ, भांडी, संडास सगळं त्यात. प्यायचं पाणी कॅनमधून वेगळं. पोह्यांची ताटली आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्यात विसळायची. अंघोळ दिवसाआड, तीही अंग ओलं करून नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. सिंक आणि अंघोळीचं पाणी ग्रे टाकीत जातं, संडासाचं ब्लॅक टाकीत. गावातल्या डंप स्टेशनवर जाड नळी लावून आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. नवखे लोक कॅम्पग्राउंडमध्ये नळी जोडून ब्लॅकची झडप उघडीच ठेवतात. पाणी वाहून जातं आणि उरलेलं मागे टाकीत साचून पिरॅमिड होतो. भावोजींनीही पहिल्या महिन्यात तो उभारला होता. ती गोष्ट ताई प्रत्येक पाहुण्याला जेवताना सांगते.

मग उंची. आमचा माळ साडेनऊ हजार फुटांवर होता. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. आमच्या माळावर पाणी साधारण नव्वद अंशांनाच उकळतं. वरण उघड्या पातेल्यात तासभर खदखदलं तरी डाळ टणकच राहते. कुकरला पर्याय नाही, आणि त्यालाही दोन शिट्ट्या जास्त लागतात. चिवड्याची पाकिटं फुगून उशीसारखी होतात. इंजिनालाही धाप लागते: टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे अकरा हजार फुटांच्या खिंडीत जवळपास एक तृतीयांश गायब. चढापेक्षा खरी भीती उताराची. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनालाच आवरायला लावायचं.

सिल्व्हर्टनला यायला दोन वाटा आहेत. उत्तरेकडून उरेहून येणारा 'मिलियन डॉलर हायवे' ११,०१८ फुटांची रेड माउंटन खिंड ओलांडतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मोठ्या पट्ट्यात कठडाच नाही. आम्ही दक्षिणेकडून, ड्युरँगोमार्गे आलो. नंतर एकदा रिकामा पिकअप घेऊन उरेला जाऊन आलो. जाताना दरीची बाजू माझी नव्हती, याबद्दल मी कृतज्ञ आहे. इंडिपेंडन्स खिंडीत तर पस्तीस फुटांपेक्षा लांब गाडीला बंदीच आहे. या प्रदेशात घर घेताना लोक खोल्या नाही, फूट मोजतात.

जुलैत दुपारी रोज ढग भरून येत, विजा कडाडत. तिथले लोक त्याला 'मान्सून' म्हणतात. आम्ही तिघं हसलो, पण नियम पाळला: झाडं संपतात त्या रेषेच्या वर गेलात तर बाराच्या आत खाली या. एक दिवस आइस लेक्सच्या वाटेवर उशीर झाला. गारा सुरू झाल्या तसे भावोजी मागे न बघता चालू लागले. ताई त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. सव्वादोनशे चौरस फुटांत न बोलणं ही मोठी कसरत आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, पण तिथे निदान रुसून बसायला शेजारीण असायची. इथे ताई बाहेरच्या पायरीवर बसली आणि भावोजींनी आतून चहाचा कप सरकवला.

सोबत हाच या आयुष्यातला अवघड भाग आहे, आणि ती माणसाचीच असते असंही नाही. लेखक जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये ट्रकवर खोली बांधून अमेरिका फिरायला निघाला तो चार्ली या पूडल कुत्र्याला घेऊन. यलोस्टोनमध्ये अस्वलं दिसताच एरवी शहाणा असलेला चार्ली इतका पिसाळला, की स्टाइनबेकला तिथून गाडी मागे वळवावी लागली.

डोंगरातलं राहणं हंगामीच. सप्टेंबरात बर्फ पडू शकतं, नळ्या गोठतात, लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. मग हजारो घरं ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटच्या वाळवंटात उतरतात. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल लांब मुक्कामाची खास सोय आहे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे धनगर या फिरस्त्यांना बघून फारसे चकित होणार नाहीत. सगळेच हौशी नसतात, हेही खरं. घरभाडं परवडेना म्हणून चाकांवर आलेली, हंगामी कामावर जगणारी वयस्क माणसं जेसिका ब्रूडरच्या 'नोमॅडलँड'मुळे २०१७ मध्ये वाचकांसमोर आली. ताईचं पेन्शन आहे. तिच्या शेजारी मुक्काम केलेल्या सगळ्यांचं नव्हतं.

आणि पत्ता? लायसन्स, विमा, मतदान, सगळ्याला पत्ता लागतो. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये 'एस्केपीज' हा क्लब काढला. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावातली त्याची टपालसेवा आज हजारो फिरस्त्यांचा कायमचा पत्ता आहे. ताईचाही तोच. ती तिथे आजवर एकूण दोन रात्री राहिली आहे.

चौदाव्या दिवशी सकाळी आवराआवर. कढीपत्त्याची कुंडी सिंकमध्ये, कपाटांना खिट्ट्या, पायरी आत. ताईने यादी वाचली, भावोजींनी हात लावून पाहिलं. मग दोघांनी जागा बदलून तीच यादी पुन्हा. चाकांखालच्या फळ्या उचलल्या तेव्हा खाली गवताचे चार पिवळे चौकोन राहिले. दुपारी दोन डोंगरांपलीकडे नवा माळ. ताई फ्रिजसमोर गुडघ्यांवर बसली.

"किती?" बाहेरून आवाज आला.

"उजवीकडे अजून एक फळी."