बिनवेतनाचे आठ महिने

रिठद-वाशीमकडच्या आपल्या जुन्या पेढ्यांवर उमेदवारीचा एक क्रम ठरलेला असे. आधी वजनकाटा, मग कीर्द, मग खतावणी. गल्ल्याची किल्ली सर्वांत शेवटी. वास्तुविशारदाच्या कचेरीतही पूर्वी असाच क्रम होता. तेथे नवागताच्या हाती पहिल्यांदा पेन्सिल येई.

बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, फर्निचरचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते लंडनला गेले. १९५१ साली पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुविशारदाच्या कचेरीत त्यांना प्रवेश मिळाला. मात्र पहिले आठ महिने वेतन नव्हते. फ्रेंच भाषाही येत नव्हती. तरीही ते गेले.

त्या काळी सारे नकाशे हातानेच काढले जात. फळ्यावर ट्रेसिंग कागद ताणून बसवायचा, टी-स्क्वेअर आणि गुण्या यांच्या आधाराने रेघ आखायची, मग ती शाईने पक्की करायची. शाईची चूक ब्लेडने हलकेच खरवडावी लागे. हात जड पडला की कागद फाटे आणि कित्येक दिवसांचे श्रम वाया जात. म्हणून रेघ ओढण्यापूर्वी विचार करण्याची सवय आपोआप जडे.

त्याच कचेरीत तेव्हा चंदीगडबरोबर अहमदाबादच्या इमारतींचेही नकाशे तयार होत होते. मनोरमा साराभाई यांचे निवासस्थान आणि सुरोत्तम हठीसिंग यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली गिरणीमालक संघाची इमारत त्यांत होती. ही दोन्ही घराणी आपल्याच समाजातील, व्यापार-उद्योगातली. १९५४ साली दोशी भारतात परतले आणि या कामांवर देखरेख करू लागले. कागदावरची रेघ आता विटांची भिंत होत होती. तेथे चूक ब्लेडने खरवडता येत नव्हती. तिची किंमत मालकाला मोजावी लागणार होती.

पुढे २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

आज नकाशे संगणकावर होतात, चूक क्षणात पुसली जाते. ही सोय चांगलीच आहे. परंतु घरातील मुलगा किंवा मुलगी एखाद्या जाणत्याच्या हाताखाली अल्प वेतनावर शिकू इच्छित असेल, तर पहिला प्रश्न पगाराचा नसावा. तेथे हात कोणाच्या नजरेखाली घडणार आहे, हे आधी विचारावे. आपल्या आजोबांनी पेढीवर मुलांना बसविताना हाच हिशेब केला होता.